विजेच्या मोटारींचे वार्धक्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, शिक्षणनिधीचा हिशेब वाचून झाला, म्हणजे या व्यासपीठावरून एखादे व्याख्यान ठेवावयाचे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. बहुधा ते संतवाङ्मयावर असते, नाहीतर मधुमेहावर. यंदा चिटणिसांनी आमच्याकडे जो विषय सोपविला तो या दोहोंपैकी नव्हे. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. निधिसमितीकडे यंदा दोन अर्ज आले आहेत. एका तरुणास जुनी, म्हणजे दुसऱ्या हातची, विजेची गाडी भाड्याने चालविण्यासाठी घ्यावयाची आहे व त्यासाठी कर्ज हवे आहे. दुसऱ्यास अशा गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण घ्यावयाचे आहे. पहिल्या अर्जावर समितीत कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्यावर मात्र एका वडीलधाऱ्या सभासदांनी असा शेरा मारला की, विजेची गाडी बिघडतच नाही, मग ती दुरुस्त करावयास शिकून मुलाने खावे काय? हा शेरा आम्ही वाचला आणि व्याख्यान देण्याचे कबूल केले.

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे आमचे शिक्षण, आणि पुढे ३६ वर्षे प्राथमिक शाळेत गणित व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु निवृत्तीनंतर वाचावयास वेळ मिळतो, आणि आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ मोटर रिवाइंडिंगचा धंदा करतात, त्यांच्या दुकानात सायंकाळी बसावयास मिळते. वाचलेले आणि तेथे पाहिलेले यांची सांगड घालून आम्ही बोलणार आहोत. एक खुलासा आधीच करतो. मराठीत 'मोटार' म्हणजे गाडीही आणि विहिरीवरचा विजेचा पंपही. घोटाळा नको म्हणून आज आम्ही चार चाकांच्या वस्तूस गाडी म्हणू आणि तिच्या पोटातील फिरणाऱ्या यंत्रास मोटर म्हणू.

विजेची गाडी बिघडत नाही, ही समजूत निराधार नाही. पेट्रोलच्या इंजिनात दट्टे, झडपा, साखळ्या, ठिणगीचे प्लग असा शेकडो वस्तूंचा संसार असतो. मोटरीत फिरणारी वस्तू एकच, तिला रोटर म्हणतात. तिच्याभोवती तांब्याच्या तारांचे वेटोळे घातलेला स्थिर भाग असतो, त्यास स्टेटर म्हणतात. दोहोंचा एकमेकांस स्पर्शसुद्धा होत नाही. निकोला टेस्ला यास १८८८ साली ज्या इंडक्शन मोटरीचे पेटंट मिळाले, तिचेच वंशज आज आपल्या घरातील छताच्या पंख्यात आणि शेतावरच्या पंपात आहेत. आमच्या घरी एक पंखा ३० वर्षांहून अधिक काळ फिरत आहे. तेव्हा सभासदांचा शेरा पंख्यापुरता खरा आहे.

परंतु पंखा ७५ वॅटचा असतो. अमेरिकेत २०१२ साली जी टेस्ला मॉडेल एस नावाची गाडी रस्त्यावर आली, तिच्या मागील मोटरीची शक्ती अडीचशे किलोवॅटांहून अधिक, म्हणजे तीन हजारांहून अधिक पंख्यांइतकी आहे. आणि ती मोटर आकाराने एका मोठ्या कलिंगडापेक्षा फारशी मोठी नाही! येथेच सर्व कथेचे मूळ आहे. कोणतीही मोटर घेतलेली सर्व वीज गतीत बदलीत नाही. समजा, चढावर मोटर १०० किलोवॅट वीज घेत आहे आणि शंभरातील ९३ भाग कामी लावीत आहे. ही उत्तम कामगिरी झाली. तरी उरलेले ७ किलोवॅट उष्णतेच्या रूपाने तिच्याच अंगात मुरतात. आपल्या न्हाणीघरातील गीझर २ किलोवॅटचा असतो. साडेतीन गीझर एका कलिंगडात बसविले आहेत आणि पाण्याचा नळ बंद आहे, अशी कल्पना करावी.

ही उष्णता बाहेर गेली नाही तर तांब्याच्या तारेवरील रोगणाचे आवरण करपू लागते. विद्युत्‌शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्या आवरणाचे आयुष्य निम्मे होते. जे २० वर्षे टिकले असते ते १० अंशांनी १० वर्षांवर येते आणि २० अंशांनी ५ वर्षांवर. इयत्ता सातवीतील मुलाने सोडवावे असे हे उदाहरण आहे, पण गाडी घेताना ते कोणी सोडवीत नाही. म्हणून थंडावा देणारी व्यवस्था ही मोटरीची दासी नसून तिची प्राणवायूची नळी आहे. गाडी वयात येते तेव्हा बहुतेक वेळा ही नळी प्रथम दगा देते आणि मागाहून मोटर.

आरंभीच्या गाड्यांत वाऱ्यावर भागत असे. २००१ साली बंगळुरात रेव्हा नावाची चिमुकली गाडी निघाली. तीच पुढे लंडनच्या रस्त्यांवर जी-विझ या नावाने धावली. तिची शक्ती बेताची, चाल बेताची, म्हणून उष्णताही बेताची. २००८ साली टेस्ला कंपनीची पहिली गाडी, रोडस्टर, आली, तिची मोटरसुद्धा पंख्याच्या वाऱ्यानेच थंड होत असे. वाऱ्याबरोबर धूळ आली. मोटरीचा विद्युत्‌पुरवठा नियंत्रित करणारी जी पेटी असते, तिच्या धातूच्या पात्यांमध्ये वर्षानुवर्षे धूळ व काडीकचरा साचून पाती बुजत आणि गाडी चढावर शक्ती आवरती घेई. उपाय सोपा, पेटी उघडून झाडून घेणे. पण ते करावयाचे असते हे ठाऊक पाहिजे!

वाऱ्यावर विसंबण्याचा मोठा धडा बॅटरीने शिकविला. निसान कंपनीची लीफ गाडी २०१० च्या डिसेंबरात विक्रीस आली. तिच्या मोटरीस पाण्याचा थंडावा होता. बॅटरीस मात्र नव्हता. बॅटरीची उरलेली धारणशक्ती दाखविणाऱ्या १२ रेघा तिच्या फलकावर असत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहर आहे, तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथील मालकांच्या फलकावरून रेघा एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. गाडी दीड-दोन वर्षांची आणि बॅटरी मात्र म्हातारी. तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि २०१३ साली कंपनीस असे आश्वासन द्यावे लागले की, ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत ९ हून कमी रेघा उरल्या तर ती बॅटरी सुधारून देईल. पुढे उष्णता अधिक सोसणारे रसायनही तिने आणले. आपल्या नागपूर-चंद्रपूरकडील सभासदांनी हा फीनिक्सचा किस्सा विशेष लक्षात ठेवावा, कारण तेथील ऊन आणि आपल्याकडील वैशाखातील ऊन यांत भावाभावांचे नाते आहे.

आता पुन्हा मॉडेल एसकडे वळू, कारण वार्धक्यातील बिघाडाचा सर्वांत शिकण्याजोगा दाखला तोच आहे. आणि त्यात आपल्या ज्ञातीच्या जिव्हाळ्याची एक गोष्टही आहे. आपले वाडवडील तांब्या-पितळेचे काम करीत. घण आणि भट्टी आपल्या घराघरांत होती. इंडक्शन मोटरीच्या रोटरमध्ये धातूच्या जाड पट्ट्यांचा पिंजरा असतो. सामान्यतः तो ॲल्युमिनियमचा ओततात, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि ओतावयास सुलभ. मॉडेल एसच्या कर्त्यांनी तो तांब्याचा केला. तांबे वितळावयास १०८५ अंश लागतात, काम अवघड. पण तांब्यातून वीज अधिक सुखाने वाहते आणि रोटर कमी तापतो. आमच्या आजोबांस हे कोणी सांगितले असते तर त्यांनी मिशीवरून हात फिरविला असता. असो.

तांब्याचा असला तरी रोटर तापतोच. इंडक्शन मोटरीचा हा स्वभावधर्म आहे: रोटरमध्येही वीज वाहते, म्हणूनच तो फिरतो. आणि तो मिनिटास १५-१६ हजार फेऱ्यांपर्यंत जातो. बाहेरील स्टेटरला पाण्याचे आवरण घालता येते. पण मधोमध गरगर फिरणाऱ्या वस्तूस पाणी कसे पाजावयाचे? कर्त्यांनी युक्ती केली ती अशी. रोटरचा दांडा पोकळ ठेवला. त्याच्या पोकळीत एक स्थिर नळी खुपसली. थंड द्रव नळीतून आत शिरतो, दांड्याच्या टोकापर्यंत जातो आणि नळीच्या बाहेरून परत फिरतो. जाता-येता उष्णता घेऊन जातो. युक्ती सुंदर आहे यात शंका नाही. परंतु फिरणारा दांडा आणि न फिरणारे घर यांच्या सांध्यातून द्रव निसटू नये म्हणून तेथे एक सील, म्हणजे दांड्याला ओठ टेकवून बसणारी वाटोळी कडी, घालावी लागते. सर्व भार या कडीवर.

शेतावर ज्यांचा पंप आहे त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. पंपाचे सील झिजले म्हणजे दांड्याजवळून पाणी टपकू लागते. आपण पाहतो, म्हणतो, 'सील गेले', बाजारातून नवे आणतो आणि तासाभरात बसवितो. पंपाचे पाणी बाहेर टपकते, डोळ्यांना दिसते. या गाडीत ते आत टपकते. मोटरीच्या पोटात, तांब्याच्या वेटोळ्यांजवळ, बेअरिंगजवळ. तेल असलेल्या जागी असे ओठाचे सील दीर्घकाळ टिकते, कारण तेल स्वतःच वंगण असते. पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण हे वंगण म्हणून दुबळे. त्यात फेरे हजारोंचे. ओठ झिजतो, थेंब निसटतो. मालकास काही कळत नाही, कारण गाडी धावत असते.

निसटलेला द्रव पुढे काय करतो? बेअरिंगमधील ग्रीस धुऊन काढतो, गंज चढवितो. त्याच मोटरीच्या अंगाला चिकटून इन्व्हर्टर असतो. बॅटरीच्या एकदिश विजेची तीन पदरी उलटसुलट वीज करणारी ही पेटी. ओलावा तिच्यापर्यंत पोहोचला की संकट वाढते. सामान्य कूलंट हे विजेचे वाहक आहे. बॅटरीचा दाब ४०० व्होल्टांच्या घरात. तो गाडीच्या पत्र्यापासून अलग राहिलाच पाहिजे. गाडी स्वतःच हा अलगपणा सतत मोजीत असते आणि तो घटला की सूचना देते, पुष्कळदा पुन्हा सुरू होण्यास नकार देते. हा नकार म्हणजे गाडीचा लहरीपणा नव्हे; माणसाचा जीव वाचविण्यासाठी तिने घातलेली ती आडकाठी आहे. पण भर रस्त्यात अडकलेल्या कुटुंबाला हे तत्त्वज्ञान कोण सांगणार?

आणखी एक व्याधी बेअरिंगची. २०१२ ते २०१४ च्या सुमारास निघालेल्या कित्येक मॉडेल एस गाड्यांत मागून घरघर ऐकू येई. दळणाच्या गिरणीची आठवण व्हावी अशी. कंपनीने अनेक गाड्यांच्या मोटरी बदलून दिल्या. अशा घरघरीची कारणे अनेक असतात, पण त्यांतील एक फार चमत्कारिक आहे. इन्व्हर्टर सेकंदास हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, त्यायोगे रोटरच्या दांड्यावर थोडा विद्युत्‌दाब साचतो. तो बेअरिंगच्या गोळ्यांमधून उडी मारून जमिनीकडे पळतो. प्रत्येक उडीस एक सूक्ष्म ठिणगी, प्रत्येक ठिणगीस पोलादावर एक सूक्ष्म खळगा. लक्षावधी खळगे पडले की गुळगुळीत वाट खडबडीत होते आणि बेअरिंग ओरडू लागते. उपाय म्हणून चिनी मातीच्या जातीचे, म्हणजे सिरॅमिकचे गोळे घालतात, त्यांतून वीज जात नाही. किंवा दांड्यास टेकलेल्या ब्रशाने विजेला दुसरी सोपी वाट करून देतात.

ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने मॉडेल एसच्या मोटर-संचास ८ वर्षांची हमी जाहीर केली, मैलांचे बंधन न ठेवता, आणि आधी विकलेल्या गाड्यांसही ती लागू केली. हे तिच्या श्रेयाचे आहे. परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. २०१२ ची गाडी २०२० साली हमीबाहेर गेली, २०१५ ची २०२३ साली. सील झिजावयास लागतात तीही तितकीच वर्षे. अशा रीतीने हमी संपणे आणि ओठ झिजणे यांचा मुहूर्त एकच निघाला, आणि बिल मालकाच्या दारी आले. तेही बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या, ज्याने स्वस्त मिळाली म्हणून हौसेने घेतली होती.

कर्त्यांनीही यातून धडा घेतला. २०१७ साली आलेल्या मॉडेल ३ मध्ये मागील मोटर कायम चुंबकाची केली. तिच्या रोटरमध्ये वीज खेळवावी लागत नाही म्हणून तो मुळातच कमी तापतो. आणि थंड करावयास पाण्याऐवजी तेल आत सोडले. तेलातील उष्णता बाहेर एका अदलाबदलीच्या पेटीत पाण्याला दिली जाते. म्हणजे पाणी मोटरीच्या पोटात जातच नाही. तेल निसटले तरी ते विजेचे वाहक नसल्याने अनर्थ टळतो. जुलै २०२५ मध्ये मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले, तेथे विक्रीस ठेवलेली मॉडेल वाय ही या नव्या घराण्यातील होय. जुनी मॉडेल एस कंपनीने आपल्या देशात विकलीच नाही. पण ज्यांची मुले-लेकी अमेरिकेत, नॉर्वेत किंवा इंग्लंडात आहेत त्यांनी हे भाषण त्यांना अवश्य धाडावे.

ही एकाच कंपनीची कहाणी नव्हे. शेवरोले व्होल्टची २०११ साली अमेरिकन सरकारी संस्थेने धडक-चाचणी घेतली. चाचणीनंतर आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीने सुमारे तीन आठवड्यांनी पेट घेतला. फुटलेल्या नळीतून बॅटरीचा कूलंट सांडून विद्युत्‌भागांवर पोहोचला होता. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने गाडीचा सांगाडा बळकट करण्याबरोबरच कूलंटच्या टाकीत पातळी पाहणारा सेन्सर घालण्याचे जाहीर केले. आता मौज पाहा. त्याच व्होल्ट गाड्या म्हाताऱ्या झाल्यावर पातळी थोडी उतरली, किंवा नुसता तो सेन्सर बिघडला, तरी गाडी बॅटरी भरून घेण्यास नकार देते. रखवालदारच आजारी पडल्यावर घराचे दार उघडेना, अशी अवस्था! आणि २०१३ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू. आय-थ्री गाडीत बॅटरी थंड करण्यासाठी पाणी नाहीच. वातानुकूलनाचा वायू थेट बॅटरीखालील नळ्यांतून खेळतो. जुन्या गाडीत त्याचा कॉम्प्रेसर आतून तुटला की धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो, बॅटरीपर्यंत जातो. कॉम्प्रेसर बदलून भागत नाही; बॅटरी खाली उतरवून सर्व मार्ग शुद्ध करावा लागतो. ज्या व्यवस्थेत दोन कामे एकाच यंत्रावर टाकलेली असतात तेथे एकाच्या मरणाने दोन्ही घरे बुडतात.

आमचा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याच्यापाशी ११ वर्षांची एक विजेची गाडी आहे. कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे प्रयोजन नाही. महामार्गावर ती एकाएकी कासवाच्या चालीवर आली. कंपनीच्या कार्यशाळेने संगणक जोडून पाहिला आणि मोटर व इन्व्हर्टर मिळून सबंध संच बदलावा असे कागदावर लिहून दिले. खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाहून अधिक होता. बिचारा गाडी भंगारात घालावयास निघाला. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एका लहान गॅरेजवाल्याकडे गेला. त्या मनुष्याने गाडी चालू करून कूलंटच्या पंपावर हात ठेवला. पंप कंप पावत नव्हता. हाताच्या मुठीएवढा तो पंप बदलला आणि गाडी पूर्ववत धावू लागली. संगणकाने खोटे सांगितले नव्हते; मोटर खरोखरच तापत होती. का तापते, हे मात्र कोणी विचारले नाही.

या ठिकाणी आम्हांस थोडे परखड बोलावयाचे आहे. काही रुपयांच्या कडीपायी सबंध मोटर-संच बदलावयाचा ही रीत आम्हांस पटत नाही. कारखानदारास ती सोयीची असेल. उघडा, तपासा, जोडा यांत कुशल माणूस लागतो आणि कुशल माणसाचा वेळ महाग. पण आपल्या रिवाइंडिंगवाल्या बंधूंच्या दुकानात जळलेल्या मोटरीतील तांबे काढून, तिला नवे वेटोळे घालून, बेअरिंग बदलून, ती पुन्हा १० वर्षे पाणी उपसते. अमेरिकेतही हाच विचार लहान दुकानदारांनी केला. कंपनी संच विकते, सुटे भाग देत नाही, तेव्हा त्यांनी स्वतः मोटरी उघडल्या, कोणते सील जाते ते शोधले, सुधारलेली सीले आणि सिरॅमिक बेअरिंगे बसवून मोटरी परत जोडल्या. काहींनी त्याहून धाडसी मार्ग काढला. रोटरच्या आत जाणारी पाण्याची वाटच बंद करून टाकली आणि स्टेटर व इन्व्हर्टर यांचा थंडावा तेवढा कायम ठेवला. नळीच नाही तर गळणार काय? नित्याच्या वापरात रोटरवर इतका ताण क्वचितच पडतो असे ते म्हणतात. शर्यतीच्या धर्तीवर किंवा लांब घाटात गाडी पिटाळणाऱ्याने मात्र हा उपाय करू नये असे आमचे मत आहे. पाणी घातले होते ते काही शोभेसाठी नव्हे.

आता घरच्या गोष्टी. टाटांची नेक्सॉन विजेवर २०२० च्या जानेवारीत आली. पुण्याजवळ रांजणगावी ती तयार होते. तिच्या बॅटरीस द्रवाचा थंडावा आहे आणि बॅटरी व मोटर यांस ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी दिली गेली. म्हणजे पहिल्या गाड्यांची हमी २०२८ साली संपेल. भाड्याने धावणाऱ्या गाड्यांची किलोमीटरांच्या हिशेबाने त्याआधीच. या गाडीस अमुक बिघाड होईलच असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिची रचना निराळी आहे. एवढेच म्हणतो की, परदेशात जो काळ येऊन गेला तो आता आपल्या उंबऱ्याशी आला आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आपले लोक उतरू लागले आहेत.

ज्या तरुणाने कर्ज मागितले आहे त्याने, आणि जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने, पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे? रंग आणि गाद्या मागाहून पाहाव्यात. प्रथम गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीची पातळी पाहावी आणि मालकास विचारावे की, अलीकडे त्यात भर घालावी लागली काय. खाली थेंब दिसत नसताना पातळी उतरत असेल तर तो द्रव कोठेतरी आत जात आहे, हे समजावे. मग काच खाली करून, गाणी बंद करून, गाडी सावकाश चालवावी आणि पाय सोडून ती मंद होताना कान द्यावा; घरघर किंवा चढती शीळ ऐकू आली तर बेअरिंगचा संशय धरावा. लांब चढ चढवून पाहावा. चढाच्या शेवटी गाडी शक्ती आवरती घेऊ लागली तर थंडाव्याची व्यवस्था थकली आहे. जलद चार्जिंगला लावून पाहावे. तापलेली बॅटरी थंड करता न आल्यास गाडी स्वतःहून वेग कमी करते. पावसाळी दमट सकाळी अलगपणाची सूचना येऊन दुपारी नाहीशी होत असेल आणि विकणारा 'ते काही नाही हो' म्हणत असेल, तर नमस्कार करून परत यावे. मॉडेल एसमध्ये तर रोटरचे फेरे मोजणारा एक चिमुकला सेन्सर त्या सीलजवळच असतो. जाणता मनुष्य तो काढून पाहतो. कोरडा निघाला तर ठीक, ओला निघाला तर सील गेले. परदेशातील आपल्या मुलांनी गाडी घेताना ही एक तपासणी केली तरी हजारो डॉलर वाचतील.

घेतल्यावर सांभाळण्याविषयी एकच गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. टाकीत कधीही नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतू नये. आपल्याकडील बोअरच्या पाण्याने तांब्याच्या बंबात कसा पांढरा थर धरतो हे आपण सारे जाणतो. तोच थर बॅटरीखालील बारीक वाटांत धरतो. काही कंपन्या वीज फारशी वाहू न देणारा खास कूलंट नेमून देतात. त्यात दुसरा मिसळला की तो गुण नाहीसा होतो. रंग सारखा आहे म्हणून द्रव सारखा, असे मानू नये. पुस्तिकेत लिहिलेला असेल तोच आणावा. समोरच्या जाळीत अडकलेला पाचोळा, कागद, मेलेले किडे वर्षातून दोनदा काढावेत. हे काम घरचे मूलही करील.

मात्र घरच्या मुलाने याहून अधिक काही करू नये! नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील, त्यांस कोणी हात लावावयाचा नाही. घरातील २३० व्होल्टांचा झटका आपण ऐकून आहोत. येथे दाब त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि वीज एकदिश. गाडी बंद केली तरी इन्व्हर्टरच्या संधारकांत काही काळ दाब उरतो. आणि म्हणूनच तो दुसरा अर्ज आम्हांस मोलाचा वाटतो. रबरी हातमोजे, पुरवठा तोडण्याचा क्रम, अलगपणा मोजण्याचे मीटर हे सारे रीतसर शिकल्यावाचून या धंद्यात शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आपल्या ज्ञातीत वायरमन आहेत, रिवाइंडर आहेत, गॅरेजवाले आहेत. हात शिकलेले आहेत, फक्त या नव्या यंत्राची शिस्त शिकावयाची राहिली आहे. समितीने पहिल्या तरुणास कर्ज द्यावे की नाही हे त्याने निवडलेली गाडी तपासून ठरवावे. दुसऱ्यास मात्र गाडी पाहण्याची वाट न बघता शिक्षणाची रक्कम द्यावी, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे, आणि शेरा मारणाऱ्या सभासदांशी आमचे या बाबतीत बोलणे झाले आहे. त्यांनी अजून मान डोलावलेली नाही. पण ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, हेही नसे थोडके.

व्यासपीठाच्या डाव्या हातास टेबलावर आपल्या रिवाइंडिंगवाल्या बंधूंनी एक विहिरीवरचा पंप उघडून ठेवला आहे. त्याचे झिजलेले सील आणि नवे सील शेजारी-शेजारी मांडले आहे, तसेच बेअरिंगची एक कडी भिंगासह ठेवली आहे, तीत ठिणग्यांचे खळगे पाहावयास मिळतील. गाडीतील वस्तू आम्हांस आणता आली नाही, पण जात तीच आहे. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी १५ मिनिटे दिली आहेत. भगिनींनी आधी विचारावे. मागील वर्षी त्यांची पाळी येण्यापूर्वीच जेवणाची घंटा झाली होती.